आधी गाव, मग भाव

दसरा-दिवाळी जवळ आली की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. ऑनलाइन काही मागवू नका, सांगली-कोल्हापूरच्या मॉलला जाऊ नका, आपल्या गावच्या दुकानातच खरेदी करा. गणपतीची वर्गणी तोच देतो, रात्री-अपरात्री शटर तोच उघडतो, खिशात पैसे नसले तरी उधार तोच देतो. इस्लामपुरात हा मजकूर व्यापारी पाठवतात, यात नवल नाही. ज्यांचा व्यापाराशी काडीचा संबंध नाही असे शिक्षक, निवृत्त अधिकारी आणि तरुण मंडळांचे कार्यकर्तेही तो भक्तिभावानं पुढे ढकलतात. त्यातला प्रत्येक मुद्दा निदान अर्धा तरी खरा आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. २३ मार्च २०२० ला सौदी अरेबियाहून परतलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांना कोरोना झाल्याचं इस्लामपुरात निष्पन्न झालं. काही दिवसांत रुग्णांचा आकडा पंचवीसवर गेला, गाव सील झालं आणि राज्यभर इस्लामपूरचं नाव भीतीनं घेतलं जाऊ लागलं. त्या दिवसांत कुठलाही मॉल इथे पीठ-मीठ घेऊन आला नाही. किराणा दारात पोचला तो इथल्याच दुकानांतून. ज्यांनी हे केलं त्यांचे उपकार मान्य आहेत आणि ते विसरावेत असं मला म्हणायचं नाही. पण त्याच महिन्यात देशभरच्या दुकानांत मास्क आणि सॅनिटायझर इतकं महागलं की केंद्र सरकारला २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. दारात पिशवी ठेवून गेलेला आणि बाटलीचा भाव चढवणारा, दोघेही दुकानदारच होते. पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्यानं जन्मभर सवलत मागावी, हे मला मान्य नाही.

आता मूळ तक्रारीकडे. आपल्या बाजारात नवखा माणूस भाव विचारतो तेव्हा बऱ्याचदा उत्तराऐवजी प्रश्न येतो. ‘पाव्हणं, गाव कुठलं?’ मग ‘कुणाच्यातलं?’ मग ‘काय करता?’ ही या भागातली आपुलकी आहे असं आपण अभिमानानं सांगतो, आणि पुष्कळदा ती असतेही. पण जिथे वस्तूवर किंमत छापलेली नाही तिथे हा प्रश्न चौकशीचा राहत नाही, मोजमापाचा होतो. कापड, चप्पल, भांडी, नळाचं सामान, वायर, मोबाइलचं कव्हर, मिस्त्रीनं चिठ्ठीवर लिहून दिलेलं हार्डवेअर. साखराळ्याच्या बागायतदाराला एक भाव, पंचायत समितीतल्या साहेबांना दुसरा, राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजला विदर्भातून शिकायला आलेल्या पोराला तिसरा. आणि बीडहून कोयता घेऊन आलेल्या टोळीतल्या बाईला जो लागतो तो सगळ्यांत वरचा, कारण ती भाव करत नाही. दुपारच्या घाईत, कडेवर पोर घेऊन, ट्रॅक्टर थांबवून आलेली बाई कुठला भाव करणार?

जिथे किंमत छापलेली असते तिथेही खेळ चालतोच. थंड पाण्याच्या बाटलीवर आणि दुधाच्या पिशवीवर ‘कूलिंगचे’ म्हणून दोन-पाच रुपये चढतात. छापील किमतीच्या वर एक पैसाही घेता येत नाही, हे वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत सरळ लिहिलं आहे. फ्रिजचं वीजबिल हा त्याला अपवाद नाही. पंख्यावर, नळांवर, प्लायवूडवर उलटा प्रकार. खोक्यावर नऊशे छापलेलं, ‘तुमच्यासाठी पाचशे’ म्हणायचं, आणि गिऱ्हाइकानं चारशे वाचल्याच्या आनंदात पाचशे जास्त आहेत का हे विचारायचंच विसरायचं. मिठाई खोक्यासकट काट्यावर चढते आणि पुठ्ठा पेढ्याच्या भावानं विकला जातो. सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवलं जातं. तेच चॉकलेट उद्या रुपया म्हणून परत देऊन बघा. दहाचं नाणं ‘चालत न्हाई’ म्हणून परत येतं, जणू नाणं चालवायचं की नाही हे गल्ल्यावर ठरतं. ही सर्व नाणी वैध आहेत हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये, चौदाच्या चौदा नक्षींचा उल्लेख करून, जाहीर केलं होतं.

घासाघीस ही आपली परंपरा आहे, त्यात गंमत असते, असं सांगणारे भेटतात. गंमत त्याला असते ज्याच्याकडे वेळ आहे, आवाज आहे आणि उठून शेजारच्या दुकानात जायची मुभा आहे. मॉलचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. तिथे फळीवरचा भाव आणि बिलावरचा भाव जुळत नाही, पिशवीचे पैसे वेगळे लागतात, नको ते ट्रॉलीत पडतं. तरीही तिथे कारखान्याच्या संचालकाच्या सुनेला आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला तेलाच्या पिशवीचा दर एकच लागतो आणि दोघींना एकाच रांगेत उभं राहावं लागतं. हे सगळं कोरडं, माणूसघाणं वाटतं ते ज्यांना दुकानात बसायला खुर्ची आणि चहा मिळतो त्यांना. ज्यांना खुर्ची कधी मिळालीच नाही, त्यांच्या दृष्टीनं तो कोरडेपणा हा मोठा मान आहे. ओळखीच्या दुकानाची थोरवी सांगणारे सगळे लेख खुर्चीवर बसणाऱ्यांनी लिहिलेले असतात.

हे आपल्याकडे जमणारच नाही, असंही नाही. वारणेच्या पलीकडे तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला वारणा बझार खेड्यातल्या गिऱ्हाइकासाठीच होता. लिहिलेला भाव, हातात बिल. सहकार म्हटलं की आपल्याला फक्त साखर आणि दूध आठवतं, पण ग्राहकाचाही सहकार याच पट्ट्यात झाला.

दुसरा मुद्दा पावतीचा, आणि यावर जरा सविस्तर बोलायला हवं. पावती मागितली की दुकानदाराचा अपमान होतो. ‘काय, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?’ आणि आपणच ओशाळतो. कुणी अडून बसलाच तर पुढचं अस्त्र निघतं: ‘पक्कं बिल पायजे तर जीएसटी वर लागंल.’ हे इतक्या सहजपणे बोललं जातं की गिऱ्हाइकाला ते कायद्याचं कलमच वाटतं. छापील कमाल किंमत सर्व करांसह असते; बिल मागितल्यानं तिच्यावर नवा कर चढत नाही. जो छोटा व्यापारी कंपोझिशन योजनेत आहे, म्हणजे उलाढालीवर एक टक्का भरून मोकळा होतो, त्याला तर गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेण्याची परवानगीच नाही. म्हणजे ‘वर लागंल’ म्हणणारा एकतर आधीच घेतलेला कर पुन्हा मागतो आहे, नाहीतर तो भरायचा नाही हे उघड सांगतो आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी तीस दिवस धरले जातात. ‘विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही’ ही गल्ल्यामागची लाल पाटी सदोष मालाच्या बाबतीत नुसती रंगवलेली धमकी आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. हे कायदे दिल्लीचे, पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या गिऱ्हाइकांसाठी. इथला व्यवहार शब्दावर चालतो. इतिहास नेमकं उलट सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि लोण नगरपर्यंत गेलं. त्यांचा राग होता सावकारांवर, ज्यांतले बरेचसे गावात दुकानही चालवत. जाळले गेले ते प्रामुख्यानं रोखे आणि खतं, म्हणजे तो कागद जो लिहिणाऱ्यालाच वाचता येत होता. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. तो सुरुवातीला लागू झाला पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत. आपला वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. त्या कायद्यानं शेतकऱ्याला काय दिलं? पैसे फेडले की लेखी पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा, आणि मागितलं तर खातेपुस्तकात नोंद. न देणाऱ्याला दंड. इथल्या माणसानं पावती मागणं हे शहरी खूळ असेल तर ते जवळजवळ दीडशे वर्षं जुनं खूळ आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली १९७४ साली, त्याच्याही किती आधीचं!

आणि आज? उधारीची वही दुकानदाराच्या खणात. गिऱ्हाइकाकडे काहीच नाही. गळिताच्या हंगामात ऊसबिल जमा झालं की शेतकरी दुकानात जातो, दुकानदार पानं उलटतो, एक आकडा सांगतो आणि तो आकडा दिला जातो. बिलाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते हप्त्यांनी आले की उधारीचे महिने लांबतात आणि त्या लांबण्याचीही किंमत त्या आकड्यात बसलेली असते. ‘उधार देतो’ या उपकाराचं गणित एकदा मांडून बघा. रोखीनं दहा हजारांचा माल उधारीत अकरा हजारांना लावला आणि सहा महिन्यांनी पैसे घेतले, तर व्याज वर्षाला वीस टक्के पडलं. त्याच शेतकऱ्याला गावातल्या विकास सोसायटीकडून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं. वीस टक्के घेणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पैसा अडकतो, बुडतो, त्याची किंमत घ्यावीच. ती कागदावर लिहावी आणि तिला उपकार म्हणू नये, एवढंच.

उधारीचा मुद्दा सगळ्यांत जड होतो तो खतांच्या दुकानात. उसाच्या पट्ट्यात कृषी सेवा केंद्राशिवाय शेती होत नाही, आणि युरियाच्या टंचाईत दुकानदार काय बोलतो हे वाळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ४५ किलोच्या गोणीचा दर २६६ रुपये ५० पैसे. तो सरकारनं ठरवलेला आहे, गोणीवर छापलेला आहे. पण गोणी एकटी येत नाही. ‘ह्याच्यासंगं हे घ्यावं लागंल’ म्हणून कुठल्या तरी द्रवखताची बाटली, सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट, नाहीतर कुणी न मागितलेलं विद्राव्य खत हातात येतं. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात, दुकानदारसुद्धा. त्याचं म्हणणं असतं की कंपनीच आम्हाला असा माल लावते, आम्ही तो कुठे ठेवायचा? हे खोटं नाही. विक्रेत्यांच्या संघटनांनीही त्याविरुद्ध आवाज उठवला आहे. मग प्रश्न असा, की वरून आलेला अन्याय खाली ढकलताना तो सगळ्यांवर सारखा का ढकलला जात नाही? ज्याचा भाऊ सोसायटीचा चेअरमन आहे त्याच्या ट्रॉलीत नुसता युरिया जातो. दोन एकरवाल्याच्या सायकलवर युरियासोबत बाटली जाते. इथेही आधी गाव, मग भाव.

पावतीची गत इथेही तीच. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यानुसार विक्रेत्यानं साठा आणि दर रोज दिसेल असा फलकावर लावायचा आणि प्रत्येक विक्रीचं बिल द्यायचं. अंगठा लावायचं यंत्रही आलं, त्यातून चिठ्ठी निघते. ‘रोल संपलाय’ हे उत्तर न ऐकलेला शेतकरी मला तरी भेटलेला नाही.

‘परवडत नाही’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. मोठ्या साखळ्यांना कंपनी थेट आणि स्वस्तात माल देते, छोट्या दुकानदाराला एजन्सीमार्फत महाग पडतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला तो याच दुजाभावावरून, आणि त्यांचं बरोबर होतं. डीमार्टचा भाव गावातल्या दुकानदारानं द्यावा असा हट्ट कुणी धरू नये. छापील किमतीला विकणाऱ्याबद्दल माझी तक्रारच नाही. पण ‘परवडत नाही’चं हे तर्कशास्त्र एकाच दिशेनं चालतं. तेल महागल्याची बातमी संध्याकाळी आली की सकाळी जुन्या डब्यांवर नवा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मात्र ‘जुना स्टॉक हाय, संपू दे’. भाव चढताना जुना माल लगेच नवा होतो आणि उतरताना महिनाभर जुनाच राहतो, हे कुठल्या एजन्सीनं शिकवलं?

बोलण्या-वागण्याबद्दल थोडक्यात. गिऱ्हाइकाकडे न बघता मोबाइलवर बोलत राहणं, ‘घ्यायचं असंल तर घ्या’ म्हणणं, साडी उलगडून दाखवल्यावर न घेणाऱ्या बाईकडे बघून सुस्कारा टाकणं. हे सगळं आपण पुणेरी दुकानदारांवरच्या विनोदांच्या सवयीनं हसण्यावारी नेतो. ज्या चितळ्यांच्या दुपारच्या सुट्टीवर महाराष्ट्रानं इतके विनोद केले, त्यांचं मूळ आपल्याच भिलवडीचं. १९३९ मध्ये तिथे त्यांचा दुधाचा धंदा सुरू झाला. पुण्याचं त्यांचं दुकान एक ते चार बंद असायचं, २०१७ मध्ये त्यांनी तीही सवय मोडली. पण लोक त्या बंद दाराबाहेर थांबले ते मालासाठी. तुसडेपणा हा त्या मालाबरोबर फुकट सोसलेला भाग होता. आपल्याकडे काही जणांनी तेवढाच भाग उचलला.

गिऱ्हाईक धुतल्या तांदळासारखं आहे, असंही नाही. दुकानात तासभर मोबाइल हाताळून, माहिती विचारून, घरी जाऊन ऑनलाइन मागवणारे आहेत. उधारी बुडवून रस्ता बदलणारे आहेत. आणि सगळ्यांत वाईट ते, ज्यांच्याकडे उधारी मागायची दुकानदाराची छाती होत नाही. पुढाऱ्याचा माणूस, मंडळाचा कार्यकर्ता, वर्गणीचं पुस्तक घेऊन येणारी पोरं. बाजारपेठेवरचा हा बोजा खरा आहे आणि त्याबद्दल व्यापारी एकत्र येऊन बोलले तर त्यांच्या बाजूनं मीही लिहीन. पण ते तिथे बोलत नाहीत. पुढाऱ्याकडचं बुडीत आणि मंडळाची वर्गणी ज्याच्याकडून वसूल होते तो गप्प बसणारा गिऱ्हाईक असतो: परगावचा, बाई असेल तर एकटी, म्हातारा असेल तर चष्मा विसरलेला. आणि मग त्यालाच सांगायचं, की बघा, वर्गणी आम्ही देतो.

तेव्हा गावच्या दुकानातूनच घ्या असं सांगणाऱ्यांनी आधी व्यापाऱ्यांकडे चार गोष्टी मागाव्यात. सुट्या मालाचा, म्हणजे साखर, डाळी, तांदूळ, तेल यांचा रोजचा भाव दाराशी फळ्यावर. न मागता बिल, उधारी असेल तर गिऱ्हाइकाच्या हातात दुसरी वही. काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे आणि शेजारी वैधमापनचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र; इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो, हे सांगायला नको. आणि खतांच्या दुकानात युरियाची गोणी एकटी. यांतलं एकही काम भांडवल मागत नाही. २०२५ मध्ये सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर केलं. आज ना उद्या सगळ्या पाट्या रंगवाव्या लागणारच आहेत, तर रंगाऱ्याकडून त्याच दिवशी भावाचा फळाही करून घेता येईल.

व्यापारी हे करतील याची वाट बघत बसायचीही गरज नाही. ग्राहकांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावणं सक्तीचं नाही. मात्र तिथे पहिला कागद मागतात तो बिलाचा. तेव्हा ओशाळू नका, बिल मागा.